रोजच्या जगण्यातून ख्रिस्ती सेवा: सुरुवात कुठून आणि कशी करावी

बायबलमधल्या मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे वर्णन आहे. त्यात राजा ज्या गोष्टींचा हिशेब घेतो त्या मोजून सहा आहेत: भुकेल्याला खायला दिले का, तान्हेल्याला पाणी दिले का, परक्याला आसरा दिला का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याचा समाचार घेतला का आणि बंदिवानाला भेटायला गेलात का. यांतल्या एकाही गोष्टीसाठी संस्था काढावी लागत नाही, वर्गणी गोळा करावी लागत नाही की व्यासपीठावर उभे राहावे लागत नाही. शिवाय ज्यांनी हे केले त्या नीतिमान लोकांना आपण ते कधी केले हे आठवतही नाही, “प्रभू, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिले?” असे ते विचारतात. सेवा त्यांच्या रोजच्या जगण्यात इतकी मुरलेली होती.

आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समूहांमध्ये, मात्र सेवा म्हटले की बहुधा डिसेंबर महिना डोळ्यांपुढे येतो. ब्लँकेटवाटप, फराळाची पाकिटे, बालगृहाला भेट ही सारी कामे चांगली आहेत आणि ती चालू राहावीत. पण जुलैच्या पावसात जिचे छत गळते त्या एकट्या आजीला, किंवा आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या शेजाऱ्याला डिसेंबरची वाट पाहता येत नाही. वर्षातून एकदा पुष्कळ करण्यापेक्षा एक ठरलेले माणूस, एक ठरलेली वेळ आणि आपल्याला सहज झेपेल असे एक काम ही सेवेची खरी पद्धत आहे, असे माझे ठाम मत आहे. ही पद्धत घरात, गल्लीत आणि मंडळीत कशी बसवावी, ते पुढे सांगितले आहे.

माणूस कसे निवडावे

पहिला आठवडा काहीही न करता केवळ पाहण्यात घालवावा. आपण रोज ज्या रस्त्याने जातो, ज्या जिन्याने चढतो, ज्या दुकानात थांबतो आणि रविवारी ज्या बाकावर बसतो, तिथे कोणाची काय अडचण आहे हे लक्षपूर्वक पाहावे आणि रात्री वहीत दोन ओळी लिहून ठेवाव्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नाही आणि त्यांची औषधे रखडतात. पूर्वी नेमाने उपासनेला येणाऱ्या मावशी अलीकडे दिसत नाहीत. परगावाहून शिकायला आलेला मुलगा एकटाच खोली घेऊन राहतो आणि तापाने फणफणला तरी कोणाला कळत नाही. अशी चार-पाच नावे सहज निघतील. त्यांतून आपल्या येण्याजाण्याच्या वाटेवरचे एकच नाव निवडावे. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाची गरज कदाचित अधिक मोठी असेल. पण दोन बस बदलून जायचे म्हटले की तिसऱ्या आठवड्यात पाय अडखळतो आणि वाट पाहणारा माणूस वाट पाहतच राहतो.

येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोनी (शोमरोन प्रांतातल्या) माणसाचा दृष्टांत आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकला आहे, पण त्यातला व्यवहार सहसा कोणी उलगडून सांगत नाही. तो शोमरोनी सेवेसाठी घराबाहेर पडलेला नव्हता, आपल्या कामाने प्रवास करत होता. जखमी माणूस त्याला वाटेत भेटला. त्याने जवळचे तेल आणि द्राक्षारस वापरला, जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार देऊन, अधिक खर्च झाला तर परत आल्यावर देईन असे सांगून तो पुढे गेला. त्या काळी एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे त्याने दोन दिवसांची मजुरी खर्च केली, काम दुसऱ्या माणसावर विश्वासाने सोपवले, परत येण्याचा शब्द दिला आणि स्वतःचा प्रवासही चालू ठेवला. वाटेवरचा माणूस, जवळचे साहित्य, ठरावीक खर्च आणि दिलेला शब्द: नव्याने सुरुवात करणाऱ्याने एवढा एकच दृष्टांत समोर ठेवला तरी पुरेसे आहे.

सुरुवात नाताळात किंवा लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसांत करू नये, असा सल्ला मी देतो. त्या दिवसांत उत्साह वातावरणातच असतो, आणि तो ओसरला की सेवाही ओसरते. एखाद्या साध्या मंगळवारी सुरू झालेले काम अधिक टिकते.

“काही लागलं तर सांगा” हे वाक्य टाळावे

हे वाक्य आपण सगळेच मनापासून म्हणतो आणि त्याचा उपयोग जवळजवळ कधीच होत नाही. अडचणीतल्या माणसाला मागणे जड जाते. आपल्याला काय हवे याचा विचार करण्याइतके त्राणही अनेकदा त्याच्यात नसते. त्याऐवजी नेमके विचारावे: “मावशी, मी उद्या सकाळी मंडईत चाललोय, तुमच्यासाठी पालक आणि दूध आणू का?” किंवा “काका, गुरुवारी दहा वाजता मी रिक्षा घेऊन येतो, आपण दवाखान्यात जाऊन येऊ.” अशा प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर द्यायचे असते. ‘नाही’ आले तर ते मनाला लावून घेऊ नये. पुढच्या आठवड्यात पुन्हा तितक्याच साधेपणाने विचारावे.

ज्याची सेवा करायची त्याच्या पद्धतीने ती करावी, हे सांगायला सोपे आणि आचरायला फार अवघड आहे. याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या संत तेरेझा यांचे आहे. त्यांचा जन्म १८७३ चा. पंधराव्या वर्षी त्या कार्मेल या संन्यासिनींच्या मठात गेल्या आणि १८९७ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. मठात एक वृद्ध, आजारी आणि काहीशा चिडखोर सिस्टर होत्या. संध्याकाळच्या प्रार्थनेतून त्यांना भोजनगृहापर्यंत हाताला धरून न्यावे लागे, आणि त्यांचे समाधान करणे अवघड आहे हे माहीत असूनही हे काम तेरेझा यांनी आपण होऊन मागून घेतले. वेळ झाली की त्या सिस्टर आपले वाळूचे घड्याळ हलवत. ती निघण्याची खूण. मग बाक एका विशिष्ट रीतीने बाजूला करायचा, घाई करायची नाही, आणि त्यांच्या कमरपट्ट्याला धरून मागोमाग चालायचे. पाऊल जरा अडखळले की ‘तू फार भरभर चालतेस, मी पडणार’, आणि हळू चालले की ‘तुझा हात लागत नाही, तू मला सोडलेस’ असे ऐकून घ्यायचे. भोजनगृहात पोहोचल्यावर त्यांना बसवायचे आणि त्यांच्या बाह्या त्यांना हव्या तशाच दुमडायच्या. पुढे तेरेझा यांच्या लक्षात आले की, अधू हातांनी त्यांना पाव कापता येत नाही. तेव्हापासून पाव कापून दिल्याशिवाय त्या तिथून हलत नसत. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. पाव कापून झाला की जाण्यापूर्वी त्या सिस्टरकडे पाहून मनापासून हसत, आणि त्या वृद्धेचे मन जिंकले ते विशेषतः त्या हसण्याने, हे त्यांना मागाहून कळले.

मठाच्या भिंतींआड घडलेली ही गोष्ट आपल्या घराघरांत जशीच्या तशी लागू पडते. सासूबाईंना चहा अमुकच कपात लागतो, आजोबांना वर्तमानपत्राची घडी मोडलेली चालत नाही, अंथरुणाला खिळलेल्या आत्याला उशी दोनदा हलवून हवी असते. या गोष्टींना आपण हट्ट म्हणतो. पण ज्यांच्या हातून एकेक करून सगळे निसटत चालले आहे, त्यांच्याकडे तेवढाच एक अधिकार उरलेला असतो आणि तो राखणे हा सेवेचाच भाग आहे. दुमडलेल्या बाह्या आणि कापून दिलेला पाव याहून मोठे काम त्या तरुण सिस्टरने मठात असताना जगाला दिसेल असे काही केले नाही, तरीही १९२५ साली चर्चने त्यांना संतपद दिले.

आजाऱ्याचा समाचार

सरकारी रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाला जेवण सहसा रुग्णालयातूनच मिळते. उपाशी राहतो तो त्याच्यासोबत आलेला नातेवाईक. खेड्यातून आलेली बायको किंवा आई व्हरांड्यात सतरंजी टाकून दिवस काढते आणि वडापाव-चहावर भागवते. म्हणून डबा न्यायचा असेल तर आधी तिचा विचार करावा. पोळी आणि सुकी भाजी न्यावी, रस्सा टाळावा, कारण ताटाशिवाय, जमिनीवर बसून, एका हाताने खावे लागते. डबा परत करण्याची काळजी तिच्यावर टाकू नये. परत करावा लागणार नाही असा साधा डबा द्यावा किंवा दुसऱ्या दिवशी आपणच जाऊन घ्यावा. रुग्णासाठी काही न्यायचे तर परिचारिकेला पथ्य विचारल्याशिवाय नेऊ नये. मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या विकारात प्रेमाने नेलेले फळही अपाय करू शकते.

डब्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे दोन तास खाटेजवळ बसणे. “तुम्ही आंघोळ करून, जरा झोप काढून या, तोवर मी इथेच आहे,” असे म्हणणारे माणूस त्या बाईला अनेक दिवसांत भेटलेले नसते. बसताना रुग्णाच्या खाटेवर बसू नये, आधी हात धुवावेत, स्वतःला सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये. आजाराची खोदून चौकशी करू नये आणि त्याच आजाराने गेलेल्या कोणाची हकिकत तर मुळीच सांगू नये. प्रार्थना करायची असेल तर आधी विचारावे, आणि रुग्णाने होकार दिला तरच हळू आवाजात, थोडक्यात करावी. शेजारच्या खाटेवरचा माणूस दुसऱ्या धर्माचा असेल, नुकताच डोळा लागलेला असेल, याचे भान ठेवावे.

क्षयरोग्याच्या बाबतीत सेवेला अधिक चिकाटी लागते आणि तिचा उपयोगही फार मोठा होतो. औषधांना दाद देणाऱ्या साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी ‘आता बरा झालो’ असे वाटून पुष्कळ जण गोळ्या सोडतात. मग जंतू औषधाला निर्ढावतात आणि पुढचा उपचार कितीतरी कठीण होतो. अशा माणसाला रोज ठरलेल्या वेळी “गोळी घेतली का?” एवढे विचारणारा एक शेजारी असला तरी फरक पडतो. रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी-तांबूस होते. हे आधी माहीत नसले तर रोगी घाबरून औषध थांबवतो, म्हणून त्याला ते सांगून ठेवावे आणि इतर कोणताही त्रास झाल्यास लगेच आरोग्य केंद्रात न्यावे. क्षयरोग्यांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत पोषक आहारासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली आहे. ती रोग्याच्या बँक खात्यात जमा होते का, हे आरोग्य केंद्रात विचारून घ्यायला मदत करावी. आणि त्याच्या आजाराबद्दल चाळीत किंवा मंडळीत कोणाकडे अवाक्षर काढू नये. ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून सांगितलेली गोष्टही गावभर होते.

रक्तदानाचे वेगळे सांगायला नको. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असलेल्या निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी व स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते. तारीख वहीत लिहून ठेवावी.

आधी देणे फेडावे, मग दान करावे

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि सेवेच्या प्रवचनात ती क्वचितच ऐकू येते. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात परमेश्वराची आज्ञा आहे की, गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचे लक्ष तिच्याकडे लागलेले असते. याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी गेली आहे, असे शब्द आहेत. म्हणून घरी धुणेभांडी करणाऱ्या ताईंचा पगार ठरलेल्या तारखेला हातात पडतो का, त्यांना आठवड्याची सुटी आहे का, आपण मे महिन्यात गावी गेलो तर त्या महिन्याचे पैसे आपण कापतो का, आजारपणाच्या दिवसांचे काय करतो, हे प्रश्न स्वतःला विचारावेत. यांची उत्तरे नीट नसतील तर नाताळात दिलेली साडी ही सेवा ठरत नाही.

कचरा उचलणाऱ्यांचेही असेच. फुटलेली काच, वापरलेली ब्लेड आणि इंजेक्शनच्या सुया साध्या पिशवीत टाकल्या की त्या त्यांच्या हातात घुसतात. काच जाड कागदात गुंडाळून, वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहून वेगळी द्यावी. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर खूण करावी. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही असे वर्गीकरण बंधनकारक केले होते, पण नियम नसता तरी ख्रिस्ती माणसाने ते केलेच पाहिजे, कारण त्या पिशवीच्या पलीकडे एक हात आहे. वैशाखात सामान पोहोचवायला आलेल्या मुलाला दारातच माठातले पाणी विचारावे. थंड पाण्याच्या एका पेल्याचेही प्रतिफळ चुकणार नाही, हे प्रभू येशूने शिष्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

कागदपत्रांची सेवा

ज्यांना वाचता-लिहिता येते, मोबाईल हाताळता येतो, त्यांच्याकडे आज सेवेचे एक नवे साधन आहे. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत रांग लावणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी मोबाईलवर चेहरा दाखवून हा दाखला देण्याची सोय आहे, आणि टपाल खात्याच्या बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनही तो करून देतो. पण ही सोय आहे हेच अनेक वृद्धांना माहीत नसते. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, शिधापत्रिकेवरचे नाव, दिव्यांग प्रमाणपत्र, मुलाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म अशा कामांत एका विधवेचे कितीतरी हेलपाटे एका माणसाच्या सोबतीने वाचतात. ज्येष्ठांसाठी १४५६७, संकटातल्या मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे मोफत क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या भिंतीवर चिकटवावेत.

यात काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात. त्यांचा ओटीपी त्यांच्याच हाताने टाकू द्यावा, एटीएमचा पिन विचारू नये, आधारच्या प्रती स्वतःकडे ठेवू नयेत, पैसे काढायचे झाल्यास घरातले दुसरे कोणी सोबत घ्यावे आणि पावती तिथल्या तिथे त्यांच्या हातात द्यावी. आपली नियत स्वच्छ असतेच. पण उद्या त्यांच्या मुलाने परगावाहून फोन करून हिशेब विचारला तर त्या वृद्धेची मान खाली जाऊ नये, यासाठी हा रेखीवपणा लागतो.

शक्य असेल तिथे ते काम पुढच्या वेळी त्यांना स्वतः करता यावे, अशी सोय करावी. पंडिता रमाबाईंच्या कार्याचे मोठेपण मला याच ठिकाणी दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली आणि स्त्रिया आणल्या. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्न-वस्त्र तर मिळालेच, पण विणकाम, शेती, गुरांची देखभाल आणि छापखान्याची कामेही शिकवली गेली, आणि रमाबाईंची कन्या मनोरमा हिने अंध मुलींना ब्रेल शिकवली. आपण त्या तोडीचे काही करू शकणार नाही. पण शेजारच्या मावशींना बँकेची पावती भरून देण्याऐवजी शेजारी बसून त्यांच्याकडून ती भरून घेणे आपल्याला नक्की जमते.

मूठभर तांदूळ

पैशाची सेवा कशी करावी, असे अनेक जण विचारतात. मिझोरामच्या ख्रिस्ती स्त्रियांनी याचे फार सुंदर उत्तर शोधले आहे. स्वयंपाकासाठी तांदूळ काढताना त्या दर वेळी एक मूठ वेगळी काढून ठेवतात आणि तो साठलेला तांदूळ मंडळीच्या कामासाठी देतात. ही प्रथा शंभराहून अधिक वर्षे चालू आहे, आणि अगदी गरीब घरातली बाईसुद्धा तिच्यात देणारी म्हणून सहभागी होते. आपल्याकडेही रोजच्या स्वयंपाकातून मूठ-मूठ धान्य बाजूला काढून सत्कार्याला देण्याची रीत अनोळखी नाही.

घरी हे सुरू करायचे असेल तर ओट्यावर झाकणाचा एक डबा ठेवावा आणि मूठ टाकण्याचे काम मुलांकडे द्यावे. महिनाअखेर साठलेले धान्य निवडून, पाखडून, आपण स्वतः खातो त्याच प्रतीचे द्यावे. घरात नको झालेले, किडलेले धान्य देऊ नये. कपड्यांचेही तेच. यापो गावच्या टबीथेबद्दल बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिले आहे की, तिच्या मृत्यूनंतर विधवांनी रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे येशूचा शिष्य पेत्र याला दाखवली. ती वस्त्रे तिने मुद्दाम त्यांच्यासाठी शिवली होती. जुना सदरा द्यायचाच असेल तर तो धुऊन, इस्त्री करून, तुटलेले बटण लावून द्यावा.

दुःखाच्या घरी

मृत्यू झाला की पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरून जाते. जेवणाचे डबे येतात, प्रार्थना होतात, दफनभूमीतली कामे कोणीतरी अंगावर घेते. महिनाभराने त्या घराचा दरवाजा कोणी वाजवत नाही, आणि खरे एकटेपण तेव्हा सुरू होते. म्हणून त्या घरची तारीख आपल्या वहीत लिहून चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास, पहिल्या नाताळात, गेलेल्या माणसाच्या वाढदिवसाला आवर्जून जावे. गेलेल्याचे नाव घ्यायला बिचकू नये. “प्रभूची इच्छा” असे म्हणून दुःखाचे तोंड बंद करू नये. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना प्रभू स्वतः रडला होता.

सेवेला अट नसावी

मदत हे कोणालाही धर्माकडे ओढण्याचे साधन होऊ देऊ नये. शोमरोन्याने जखमी माणसाला त्याची जात किंवा उपासनेची जागा विचारली नाही, आणि ख्रिस्ताने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी नऊ जण आभार मानायलाही परतले नाहीत, तरी त्यांचे बरेपण काढून घेतले गेले नाही. डब्यासोबत धर्मप्रचाराची पत्रिका देऊ नये, फॉर्म भरून दिल्यावर उपासनेचे आमंत्रण देऊ नये. कोणी आपण होऊन विचारले तर आपल्या श्रद्धेबद्दल मोकळेपणाने आणि नम्रपणे बोलावे. गरजवंताच्या गरजेचा फायदा घेणे आणि त्याच्यावर प्रीती करणे या दोन गोष्टी एका हाताने होऊ शकत नाहीत.

छायाचित्रांविषयी माझे मत कठोर आहे. घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असे एकही छायाचित्र काढू नये, व्हॉट्सअॅपच्या गटात तर मुळीच टाकू नये. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची आज्ञा मोबाईलच्या काळात जरा अधिकच काटेकोरपणे पाळावी लागते. मंडळीच्या पैशातून काम झाले असेल तर हिशेबासाठी पावत्या पुरेशा असतात.

घर सांभाळून

बाहेर सेवा करणाऱ्या पुरुषाच्या घरी पाहुण्यांचा चहा, डब्याचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास बायकोच्या अंगावर पडत असेल, तर ती सेवा तिची आहे आणि नाव मात्र त्याचे होते. रुग्णालयात डबा न्यायचे ठरवले तर भाजी चिरण्यापासून भांडी घासण्यापर्यंतच्या कामात आपला वाटा आधी ठरवावा. आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ रोज पंधरा मिनिटे फोन बाजूला ठेवून बसणे हे सेवेच्या यादीतले पहिले काम आहे.

थकवा येतो. शिष्य सेवेहून परतले तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड मिळेना, आणि प्रभूने त्यांना एकांती येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले. आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवावा. सकाळच्या प्रार्थनेत त्या दिवशी ज्याच्याकडे जायचे आहे त्याचे नाव घ्यावे. रात्री वहीत काय केले यापेक्षा त्याला अजून काय हवे आहे हे लिहावे. एखादे काम आपल्या ताकदीबाहेरचे निघाले, म्हणजे व्यसन, घरातली मारहाण किंवा जीव देण्याची भाषा समोर आली, तर एकट्याने ओढत बसू नये. डॉक्टर, समुपदेशक, पोलीस किंवा मंडळीचे पाळक (पास्टर) यांच्यापर्यंत त्या माणसाला त्याच दिवशी पोहोचवावे.

कधीतरी बदली होते, बाळंतपण येते, आपलीच तब्येत बिघडते आणि सेवा थांबवावी लागते. तेव्हा न सांगता जाणे बंद करू नये. निदान महिनाभर आधी सांगावे, मंडळीतले किंवा शेजारचे दुसरे माणूस शोधावे आणि त्याला सोबत घेऊन दोन-तीन वेळा जाऊन यावे. चहा कोणत्या कपात लागतो, औषध जेवणाआधी की नंतर, दार कितीदा वाजवल्यावर उघडते, मुलाचा फोन कोणत्या वारी येतो, ही माहिती एका कागदावर लिहून नव्या माणसाच्या हाती द्यावी, आणि ज्याची सेवा चालू आहे त्याच्यासमोर ती वाचून त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यावी.